अंदखोयचा गालिचा: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

उत्तर अफगाणिस्तानातल्या अंदखोय गावचा हा हातविणीचा गालिचा घरी आला तेव्हा आईने आधी तो उलटा केला. पैठणी घेतानाही ती मागची बाजू बघितल्याशिवाय पैसे काढत नाही. मागूनही नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ होती, एकेक गाठ मोजता येत होती. मग मी पट्टी लावली: इंचात आडव्या ९, उभ्या १०. म्हणजे चौरस इंचाला ९० गाठी आणि ४ बाय ६ फुटांच्या अख्ख्या गालिच्यात ३ लाख ११ हजारांच्या वर. एका बाईने दिवसाला ६ हजार गाठी मारल्या तरी ५२ दिवस झाले. किंमत ५६ हजार रुपये. ती ऐकून जो दचकतो त्याला मी हे गणित करून दाखवते.

नक्षी तुर्कमेनी आहे, तांबड्यावर काळपट अष्टकोनांच्या रांगा. तिला फीलपाय म्हणतात. फील म्हणजे हत्ती (आपल्याकडच्या पीलखान्यातला पील तोच) आणि पाय म्हणजे पायच. तांबडा रंग मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांचा आहे आणि तो सगळीकडे सारखा नाही. मधोमध वीतभर पट्टा जरा फिका उतरलाय, कारण तिथे लोकरीचा दुसरा घाणा सुरू झाला. मला हा पट्टा फार आवडतो. सकाळी त्यावर ऊन पडलं की तो विटकरी दिसतो.

आता वापराबद्दल. पहिले दीड-दोन महिने लोकर सुटते, रोज झाडताना केरात तांबडे पुंजके यायचे. ते आपोआप थांबलं. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून पाहिलं, रंग लागला नाही. पाठवताना मात्र गुंडाळी न करता घडी घातली होती. तिची रेघ जायला तीन आठवडे लागले आणि एक कोपरा अजून थोडा वळतो. हे मी विक्रेत्यांना कळवलंय. पावसाळ्यात ओलसर मेंढीसारखा वास येतो, पंख्याखाली ठेवला की जातो. कसर लागू नये म्हणून महिन्यातून एकदा उलटा करून झाडते आणि ऑक्टोबरात दोन दिवस मागच्या बाजूने ऊन देते. डांबरगोळ्या वापरल्या नाहीत, कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो.

एकदा भाच्याच्या हातून वाटीभर आमटी सांडली. आधी टिपून घेतली, मग रिठ्याच्या कोमट पाण्याचा बोळा लवेच्या दिशेने फिरवला. तेल निघालं, हळदीचा पिवळा डाग राहिला. तेवढाच भाग चार दिवस खिडकीतल्या उन्हात ठेवला आणि हळद उडाली. मुळांचा तांबडा जसाच्या तसा.

हा गालिचा मी का घेतला ते सांगायला हवं. पुण्यात माझ्या वर्गात अफगाण विद्यार्थी होते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडलं त्या आठवड्यात त्यांचे चेहरे मी पाहिलेत. नंतर तिकडे मुलींची शाळा सहावीनंतर बंद झाली. मार्च २०२२ मध्ये हायस्कूलं एका सकाळी उघडली आणि काही तासांत पुन्हा मिटली. त्याच वर्षी डिसेंबरात मुलींना विद्यापीठंही बंद झाली, मग स्वयंसेवी संस्थांमधल्या बायकांच्या नोकऱ्या. घराच्या चार भिंतींत करता येईल अशी जी थोडी कामं उरली, त्यांत माग आहे.

पण माग घरात आहे म्हणजे पैसा बाईच्या हातात येतो असं नाही. नेहमीच्या व्यवहारात व्यापारी लोकर उधारीवर देतो, बाई विणते, गालिचा घरचा पुरुष बाजारात नेतो आणि उधारी वजा होऊन उरेल ते मिळतं. बराच माल धुलाई-कातरणीला पाकिस्तानात जायचा आणि तिथलाच म्हणून विकला जायचा. न्याय्य व्यापार करणाऱ्या संस्था हाच गुंता सोडवू बघतात: लोकर आगाऊ, बिनव्याजी; मजुरी चौरस मीटरवर, आधी ठरवून, बाईच्या हातात. शिकागोहून २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘आरझू’ने तर बामियानमधल्या विणकर घरांशी करारच केला होता की मुलं-मुली शाळेत जातील आणि बाया साक्षरतेच्या वर्गाला बसतील. आज मोठ्या मुलींच्या शाळेची अट कागदावर घालून उपयोग काय? शाळेतून घरी बसवलेली मुलगी मागावर येऊन बसते. म्हणून अफगाण गालिचा घेताना बालमजुरीचा प्रश्न आधी विचारावा. कैलाश सत्यार्थींनी १९९४ मध्ये ‘रगमार्क’ म्हणून सुरू केलेलं आणि आता ‘गुडवीव्ह’ नावाने चालणारं लेबल त्यासाठीच आहे. प्रत्येक लेबलवर वेगळा क्रमांक असतो.

मी ज्यांच्याकडून घेतला त्यांच्या चिठ्ठीवर फक्त गाव, नक्षी आणि ‘महिला सक्षमीकरण’ एवढंच होतं. तो शब्द मला पुरला नाही. पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: मजुरी कोणाच्या हातात जाते, लोकरीची उधारी आहे का, मागावर सर्वांत लहान कोण बसतं. अकरा दिवसांनी उत्तर आलं. गावातलीच एक बाई घरोघर जाऊन मापं घेते आणि पैसे विणकरणीलाच देते, उधारी नाही, मागावर सोळाच्या आतलं कोणी नाही. मीटरचा दरही कळवला. माझ्या ५६ हजारांतले नेमके किती तिच्यापर्यंत पोचले हे मात्र दोनदा विचारूनही सांगितलं नाही. वाहतूक, जकात, पैसे पाठवण्याचा खर्च असतो हे मला समजतं. तिथली बँकव्यवस्था २०२१ पासून मोडकळीला आली आहे. तरी आकडा चिठ्ठीवर हवा. गालिच्याची मागची बाजू ते उघडी ठेवतात, तशी हिशेबाचीही ठेवावी.

वस्तू म्हणून मी याला पैकीच्या पैकी देईन. तेवढ्याच पैशांत यंत्रावरचे सहा-सात आले असते, पण आमच्या आधीच्या त्या गालिच्याची लव तीन वर्षांत बसली होती. हा चौदा महिन्यांत उलट मऊ झालाय. चालण्याच्या वाटेवर लोकरीला चकाकी आली आहे.

आईला देवघरापुढे २ बाय ३ चा हवा होता. मागच्या महिन्यात ऑर्डर दिली, हिशेब मिळावा असं पुन्हा लिहून. चार महिने लागतील असं उत्तर आलंय. नक्षी आम्ही निवडलेली नाही, विणणारीला जी हवी ती.