एप्सन व्ही६००: गावच्या जुन्या फोटोंसाठी घ्यावा का?

अंबाजोगाईसारख्या शाळा-कॉलेजच्या गावाचे जुने फोटो एका कपाटात कधीच सापडत नाहीत. काही वाड्यांतल्या ट्रंकांत, काही शाळेच्या ऑफिसच्या भिंतीवर, काही बंद पडलेल्या स्टुडिओच्या निगेटिव्हच्या डब्यांत. ते गोळा करायला माजी विद्यार्थी मंडळ किंवा वाचनालय पुढे येतं, वर्गणी जमते, आणि स्कॅनर घ्यायला गेलं की दुकानदार पहिल्यांदा ६४०० डीपीआयचा, म्हणजे एका इंचात किती ठिपके टिपतो त्याचा, आकडा दाखवतो. त्या आकड्यावर जाऊ नका. एप्सन परफेक्शन व्ही६०० घ्यायचा तो दोन गोष्टींसाठी. काचेपासून किंचित वर राहिलेला फोटोही तो बऱ्यापैकी स्पष्ट टिपतो, आणि झाकणात दिवा असल्याने निगेटिव्ह स्कॅन करतो.

पहिल्या गोष्टीचं मोल ग्रुप फोटोत कळतं. शाळेचे, कॉलेजचे जुने ग्रुप फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले असतात आणि बऱ्याचदा वरून कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट असते. असा फोटो पालथा घातला की काचेला चौकट टेकते, फोटो मिलिमीटर-दीड मिलिमीटर वरच राहतो. एप्सनच्याच स्वस्त, हलक्या व्ही३९ मध्ये सीआयएस सेन्सर आहे. काचेला चिकटलेल्या कागदासाठी तो उत्तम, पण एवढ्याशा अंतरावरही चेहरे मऊ पडतात. व्ही६०० मध्ये सीसीडी सेन्सर आणि भिंग आहे, त्यामुळे तिथे मिशीचे केससुद्धा सुटे दिसतात. वाकलेले, कडा वळलेले फोटोही म्हणूनच इथे सुधारतात. त्यांना सरळ करायला वर जाडजूड पुस्तक ठेवू नका. जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर कोरडा पडलेला असतो, वजनाने त्याला तडे जातात.

अडचण आकाराची. काच ए४ एवढीच, आणि दहा बाय बाराचा ग्रुप फोटो त्यात मावत नाही. दोन किंवा तीन भागांत स्कॅन करा, प्रत्येक भागात आधीच्या भागाचा निदान चौथा हिस्सा पुन्हा येऊ द्या, आणि एक्स्पोजर आपोआप ठरवणारा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर प्रत्येक भागाचा उजेड वेगळा येतो आणि जोडल्यावर मधोमध पट्टा दिसतो. जोडायला फोटोशॉपमधलं फोटोमर्ज किंवा फुकटातलं ह्युगिन चालतं. खालची नावांची ओळ कापू नका, लोक हमखास कापतात. ‘खुर्चीवर बसलेले डावीकडून’ ही ओळ गेली की पुढे चाळीस चेहरे नुसते चेहरेच उरतात.

सेटिंगचं थोडक्यात असं. एप्सनच्या स्कॅनिंग सॉफ्टवेअरमधला प्रोफेशनल मोड, फोटो काळापांढरा असला तरी २४ बिट कलर. पिवळे डाग आणि शाईचे शेरे रंगात वेगळे ओळखू येतात, मग दुरुस्ती सोपी जाते. ग्रेस्केलमध्ये घेतला की डाग आणि सावली एक होऊन बसतात. पोस्टकार्ड आकाराला ६०० डीपीआय पुरे, पासपोर्ट किंवा त्याहून लहान फोटोला १२००. चार बाय सहाचा फोटो ६०० डीपीआयला सुमारे २६ एमबीची टिफ फाइल होतो, भरून ए४ घेतला तर १०७ एमबीच्या आसपास. मूळ प्रत टिफमध्येच ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला जेपीजी वेगळी काढा. अनशार्प मास्क, कलर रिस्टोरेशन, डस्ट रिमूव्हल हे तिन्ही बंद. धूळ काढणारं सॉफ्टवेअर फेट्याची जर आणि साडीची बुट्टीही धूळ समजून पुसून टाकतं.

धूळ-ओरखडे आपोआप काढणाऱ्या डिजिटल आइस या सोयीचा डब्यावर मोठा गाजावाजा असतो. रंगीत निगेटिव्हवर तो खरोखर छान काम करतो. इन्फ्रारेड किरण रंगातून आरपार जातात आणि धुळीला, ओरखड्याला अडतात, त्यावरून दोष ओळखला जातो. काळ्यापांढऱ्या निगेटिव्हमध्ये मात्र चित्रच चांदीचं असतं, आणि चांदीही इन्फ्रारेड अडवते. परिणामी यंत्राला सगळं चित्रच दोष वाटतं आणि चेहरे विचित्र वितळतात. गावच्या स्टुडिओचा जुना माल बहुतेक काळापांढराच, म्हणजे आपल्या कामाला ही सोय निम्मीच.

निगेटिव्हचा आकार पाहून अपेक्षा ठेवा. या यंत्राला प्रत्यक्षात दीड हजार डीपीआयच्या आसपासच तपशील मिळतो, आकडा त्यापुढे फार वाढवला तर नुसती फाइल फुगते. १२० फिल्मच्या सहा बाय सहा सेंटिमीटर निगेटिव्हला, म्हणजे आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यांच्या, २४०० डीपीआय लावा. मंडीबाजारातल्या दुकानाची पाटी वाचता यावी इतपत हाती लागतं. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमधून पाच बाय सातपर्यंत चांगली प्रिंट निघेल, फ्लेक्ससाठी ओढाताण करू नका. स्कॅनमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ रेघ आली तर निगेटिव्हला दोष देऊ नका. काचेच्या वरच्या बाजूला एक पट्टी मोकळी लागते, यंत्र तिथे स्वतःचा उजेड मोजतं. तिथे धुळीचा एक कण असला तरी रेघ येते. मराठवाड्यातल्या धुळीत ती येणारच, म्हणून रबरी ब्लोअर हाताशी हवा. काच पुसायचं औषध थेट काचेवर फवारू नका, कडेने आत उतरतं. मायक्रोफायबरच्या कापडावर घ्या.

घरोघरी फिरून काम करायचं असेल तर व्ही६०० जड पडतो. चार किलोचं धूड, शिवाय त्याला भिंतीचा प्लग लागतो, आणि लाईट गेली की काम थांबलं. व्ही३९ लॅपटॉपच्या यूएसबीवरच चालतो. लोक फोटो बाहेर द्यायला तयार होत नाहीत, त्यात गैर काही नाही, तेव्हा सुट्या सपाट फोटोंसाठी पिशवीत व्ही३९ आणि पुठ्ठ्याच्या मालासाठी संस्थेत व्ही६००, ही जोडी जमते. एकच परवडत असेल आणि निगेटिव्ह किंवा पुठ्ठ्यावरचे फोटो अजिबात नसतील, तर व्ही३९ घ्या. गूगलचं फोटोस्कॅन अॅप भिंतीवरच्या काचेच्या फ्रेमला ठीक आहे, पाच शॉट जोडून चमक घालवतं, पण पाटीवरची अक्षरं वाचायला त्याचा उपयोग नाही. काचेला चिकटलेला फोटो उचकटू नका, फ्रेमच्या काचेसकट व्ही६०० वर ठेवा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा दोरा खालून हळूहळू सरकवा, तरीही हटला नाही तर वरचं प्लॅस्टिक उलटून आख्खं पान स्कॅन करा.

फोटोची मागची बाजू दरवेळी घ्या. स्टुडिओचा शिक्का, शाईतली तारीख, कधी फसली (निजामी राजवटीतलं महसुली) साल असतं. निजामी काळातल्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सनाच्या जवळ जाता, १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. नावांची यादी उर्दूत असेल तर रांगेचा क्रम उजवीकडून धरून पाहा. पाटीवर ‘मोमिनाबाद’ हे अंबाजोगाईचं निजामकाळातलं नाव दिसलं तर फोटो जुना असू शकतो, पण ते नाव नंतरही वापरात राहिलं, म्हणून तेवढ्यावर निकाल देऊ नका. योगेश्वरी महाविद्यालयाची पाटी असेल तर १९५६ च्या मागे जाता येत नाही. गाडीवर एमएच-२३ दिसला की फोटो १९८९ नंतरचा. घरचे ‘हे स्वामीजींबरोबरचे’ सांगतात, तेव्हा हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईत शिकवायचे त्या काळाशी कपडे, इमारत आणि फोटोचा कागद जुळतो का ते आधी बघा. नंबर फोटोवर बॉलपेनने टाकू नका, मऊ पेन्सिलने मागच्या कडेला किंवा पाकिटावर टाका, आणि तोच नंबर फाइलला द्या.

सेकंडहँड मिळत असेल तर तीन गोष्टी तपासून घ्या. फिल्मचे होल्डर सोबत आहेत का, कारण ते हरवले की निम्मं यंत्र गेलं. काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर आलाय का, त्यासाठी मोबाईलची टॉर्च तिरकी धरा. आणि एक निगेटिव्ह घेऊन जा, झाकणातला दिवा लागतो का ते स्कॅन करूनच पाहा. नुसता कागद स्कॅन करून दाखवणाऱ्याला हो म्हणू नका, कागदाला झाकणाच्या दिव्याची गरजच पडत नाही.