बावीसशे रुपयांची एक कोळंबी

नऊ हजार पन्नास रुपये. आकडा आधीच सांगून टाकतो, बायकोला अजून सांगितलेला नाही.

दोन वर्षं कोरडा पडलेला मरीन टँक, म्हणजे समुद्री माशांचा खाऱ्या पाण्याचा टँक, गणपतीनंतर पुन्हा सुरू केला. नवी वाळू, नवं मीठ, पाण्याचा खारेपणा दाखवणारी ग्रॅव्हिटी 1.025. पाणी स्वच्छ ठेवणारे बॅक्टेरिया लवकर बसावेत म्हणून एका विक्रेत्याकडून त्याच्या टँकमध्ये मुरलेला सिरॅमिकचा दगड घेतला, 1,800 रुपयांना. पाचव्या आठवड्यात त्यावर काचेसारखं तपकिरी, मिशा फुटलेलं काहीतरी उगवलं. विक्रेत्याला फोटो पाठवला तर म्हणतो, "नशीबवान आहात साहेब, अ‍ॅनिमनी (समुद्रफूल) फुकटात आला!" आणि मी खूश. पंधरा दिवसांत एकाचे अकरा. एप्टेशिया, टँकभर पसरणारा उपद्रवी अ‍ॅनिमनी! जाणकारांनी हसून घ्यावं. मी चिमट्याने उपटायला गेलो, ते तर करूच नका. मागे राहिलेल्या चिंधीतून नवा उगवतो.

ज्याने रोग दिला, त्यानेच औषध विकलं. पेपरमिंट श्रिंप नावाच्या कोळंब्या, एप्टेशिया खातात, तीन नग, 2,200 प्रमाणे 6,600. पॅकिंग आणि पोचवणं 650 वेगळे.

रात्री नऊला बाइकवाला पोरगा पिशवी घेऊन दारात. मी पिशवी दिव्यापाशी धरली. लाल-पांढरे ठसठशीत पट्टे, मोठाले डोळे, पाठीला कुबड, आणि तोंडापुढची चोच वरखाली हलतेय. पेपरमिंट जवळजवळ पारदर्शक असतो, अंगावर बारीक लाल रेघा, आणि चोच हलत नाही. हे मला माहीत होतं! सहा वर्षं टँक सांभाळलाय मी, कालचा पोर नाही. माझा मुलगा शेजारून म्हणाला, "बाबा, हा उंट आहे का?" मी त्याला गप्प केलं. पोरगा खाली गाडी चालू ठेवून आलेला, मी पैसे पाठवले. त्या कोळंबीचं नावच कॅमल श्रिंप आहे हो. सात वर्षांच्या मुलाने ओळखलं.

पेपरमिंट अटलांटिकचा, म्हणून महाग. कॅमल हिंदी महासागरातही मिळतो, म्हणून स्वस्त. एप्टेशियाला त्याने तोंडही लावलं नाही. माझे झोआ (फुलांसारखे दिसणारे प्रवाळाचे भाऊबंद) मात्र रातोरात कुरतडले. पैसे द्यायच्या आधी पिशवीतल्या जनावराचा व्हिडिओ काढा, पाठ दिसेल असा.

1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. माल मिळालाय ना, मग हा वाद झाला, फसवणूक नाही. ग्राहक हेल्पलाइन 1915: बिल आहे का? नाही. (बिल मागितलं होतं. "आपल्यात कसलं बिल, साहेब?") बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात. पोलीस ठाण्यात हवालदारांनी विचारलं, "बावीसशे डझनाचे की एकीचे?" मागचे दोघं हसले. मग हवालदारसाहेब एकदम गंभीर: घरात प्रवाळ ठेवता? 1972 चा वन्यजीव कायदा ठाऊक आहे? मी तक्रारदार, आणि दगड सिरॅमिकचा आहे हे सिद्ध करत बसलोय! दोन तास गेले, अर्जावर शिक्का मिळाला नाही तो नाहीच. तुम्ही जाल तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका.

आता रोज रात्री सिरिंजने एकेका एप्टेशियाच्या तोंडात चुन्याची पेस्ट भरतो. काल मोजले, तेवीस.

तिन्ही उंट खालच्या संपमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत आहेत, धडधाकट. कुणाला हवे असतील तर फुकट न्या. काय आहेत ते सांगून देतोय.