३५ इंची टायरवर ४.५६ चं क्राउन-पिनियन: आठ महिने वापरून झाल्यावर

पिकअपला कंपनीचे २६५/७० आर १६ टायर होते आणि एक्सलच्या क्राउन-पिनियनला (इंजिनकडून येणारी फिरकी चाकांकडे वळवणारी गिअरची जोडी) ३.७३ चा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला पिनियनचे ३.७३ फेरे. हौसेने ३१५/७५ आर १६ टाकले, बोलायला ३५ इंची, हिशोबाने उंची ८७९ मिमी, आधीची होती ७७७. गाडी दिसायला एकदम दणकट पण पहिल्याच चढावर कळलं की ओढच गेली, टॉप गिअर धरतच नव्हती, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सारखा खाली-वर करत राहायचा आणि मागे ट्रेलर असला की बॉक्सच्या ऑइलचं टेम्परेचर बघूनच धाकधूक व्हायची.

हिशोब सोपा आहे. जुना रेशो गुणिले नवीन टायरची उंची, भागिले जुन्या टायरची उंची. माझं उत्तर आलं ४.२२. आता माझ्या एक्सलला मिळतात ४.१० आणि त्यानंतर थेट ४.५६, आणि भेटेल तो म्हणे ४.१० घे, जवळचा आहे, मीही जवळजवळ तोच घेतला होता. पण हे गणित फक्त उंची बघतं. मोठा टायर जडही असतो, आणि ते वजन अगदी कडेला फिरतं, शिवाय गाडी उचलली की वाराही जास्त अडतो, हे सगळं त्या ४.२२ मध्ये धरलेलंच नाही. म्हणून दोन रेशोंच्या मध्ये अडकला असाल आणि ओझं ओढत असाल तर वरचा आकडा घ्या असं माझं ठाम मत आहे.

माझ्या बॉक्सचा टॉप गिअर ०.७५ चा आहे. १०० च्या स्पीडला इंजिन आधी १९१० आरपीएमवर चालायचं, टायर बदलल्यावर १६९० वर आलं, ४.१० ने १८५५ झालं असतं, ४.५६ ने २०६५ होतं. बहुतेक वेळ रिकामी गाडी सपाट हायवेवर पळवणाऱ्याला ४.१० पुरेल, त्याने उगाच २०६५ चा आवाज ऐकत बसू नये.

खोक्यावर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका, दात मोजा. ४.५६ म्हणजे क्राउनला ४१ आणि पिनियनला ९ दात, ३.७३ ला तेच ४१ आणि ११. मी दोन्ही पिनियन शेजारी ठेवून पाहिले, नव्याचं डोकं चांगलंच बारीक दिसतं, आणि म्हणूनच रेशो जितका खोल (म्हणजे आकडा मोठा) तितका पिनियन नाजूक, हे विसरून ५.१३ वगैरेच्या मागे लागू नये. काही एक्सलमध्ये ठराविक रेशोच्या पुढे कॅरिअरही (क्राउन ज्यावर बसतो तो भाग) बदलावा लागतो, ऑर्डर करायच्या आधी हे विचारून घ्या. आणि फोर बाय फोर असेल तर पुढचा एक्सलही बदलायचाच, दोन्हीकडे वेगळा रेशो ठेवून पक्क्या रस्त्यावर फोर व्हील लावलं तर ट्रान्सफर केसची (दोन्ही एक्सलना ताकद वाटून देणारा डबा) वाट लागते.

सेटची क्वालिटी मला चांगली वाटली, फिनिशिंग साफ, दात एकसारखे. त्रास झाला तो फिटिंगने. पहिल्या मेकॅनिकने बसवून दिल्यावर ७०-८० ला पाय सोडला की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा, तो म्हणाला चालवत राहा, आपोआप बसेल. नाही बसत हो! क्राउन-पिनियनचा असा आवाज चालवून जात नाही, उलट दात खराब होतात. दुसऱ्याने उघडून दातांना पिवळी पेस्ट लावली आणि हाताने फिरवून दाखवलं, ठसा दाताच्या मधोमध यायला हवा तर तो पार मुळाशी उमटत होता, म्हणजे पिनियन जास्त आत. शिम (पिनियन किती आत बसेल ते ठरवणारी पातळ चकती) बदलली, क्रश स्लीव्ह नवीन घातली (पिनियनच्या बेअरिंगचा ताण ठरवणारी नळी, ती एकदा दबली की परत वापरायची नसते), डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळी जागा) ०.२० मिमीवर आणला, आवाज गायब. तेव्हा काम देण्याआधी मेकॅनिककडे डायल गेज आहे का ते बघा, आणि ठशाचा फोटो मागून घ्या, जो द्यायला नाही म्हणेल त्याच्याकडे हे काम देऊ नका.

सुरुवातीला मी २५-३० किमी हळू चालवायचो, मग अर्धा तास थांबून एक्सलचं हौसिंग गार होऊ द्यायचो, असं तीन-चार वेळा केलं. पहिले ८०० किमी ट्रेलर अजिबात जोडला नाही, मग एक्सलचं ऑइल काढलं तर आतल्या मॅग्नेटवर फक्त राखाडी लगदा होता, बोटांत चोळून बघितला, कणी एकही नाही.

स्पीडोमीटरचंही आधीच बघून ठेवा. माझ्या गाडीत स्पीड सेन्सर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला आहे, त्यामुळे टायर टाकले तेव्हा काटा १०० दाखवायचा आणि गाडी असायची ११३ वर, गिअर बदलल्यावर उलटं झालं, खऱ्या १०० ला १०८ दाखवायला लागला. नवा रेशो आणि टायरची उंची दोन्ही कॉम्प्युटरमध्ये भरून घेतल्यावरच काटा जागेवर आला, आणि बॉक्सचं गिअर टाकणंही त्यानंतरच सुरळीत झालं.