कॅनडाचा सल्ला देणारी दोन ऑफिसं: एक अलकापुरीतलं, एक कारेलीबागेतलं

बडोद्यातल्या अलकापुरी भागातल्या त्या ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'एसडीएस, 20 दिवसांत व्हिसा'. लेकीच्या कॅनडातल्या शिक्षणासाठी मी तिथे गेले तो मार्च 2025 चा पहिला आठवडा होता. एसडीएस म्हणजे स्टुडंट डायरेक्ट स्ट्रीम, ही झटपट अर्जाची वाट कॅनडा सरकारनं 8 नोव्हेंबर 2024 ला बंद केली होती. म्हणजे चार महिने ते ऑफिस बंद झालेली योजना विकत होतं, आणि मलाही त्या दिवशी हे ठाऊक नव्हतं. मी खुर्चीत बसले, चहा घेतला आणि रजिस्ट्रेशनचे 17,700 रुपये भरून आले. त्यातले पंधरा हजार त्यांचे, बाकी जीएसटी.

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात सत्तावीस वर्षं काम करते. दांडिया बाजारात राहतो आम्ही, तीन पिढ्यांपासून. लेक कलाभवन या इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून केमिकल इंजिनिअर झाली आणि नंदेसरीच्या एका कारखान्यात सांडपाणी प्रक्रियेच्या विभागात लागली. तिला पाण्याच्या शुद्धीकरणातच पुढे शिकायचं आहे. हे मी त्या ऑफिसातल्या मुलीला पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. तिनं ऐकलं, मान हलवली आणि ऑन्टारिओतल्या एका कॉलेजचा दोन वर्षांचा बिझनेस मॅनेजमेंटचा डिप्लोमा पुढे सरकवला. "आंटी, अॅडमिशन पक्की आहे, तुम्ही चिंता करू नका."

चिंता न करणं माझ्या धंद्यात बसत नाही. आमच्याकडे साहेब कितीही मोठा असो, त्याच्या तोंडी शब्दावर कर्ज मंजूर होत नाही. परिपत्रक कुठलं, तारीख काय, हे फाइलला लागतं. त्या रात्री लेकीला शेजारी बसवून कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याची पानं उघडली आणि ऑफिसनं सांगितलेलं एकेक वाक्य त्यांच्याशी ताडून पाहिलं.

डिप्लोमा झाल्यावर तीन वर्षं वर्क परमिट मिळतंच, असं ते म्हणाले होते. 1 नोव्हेंबर 2024 नंतर अर्ज करणाऱ्या डिप्लोमाच्या विद्यार्थ्यांना ते फक्त ठरावीक विषयांतच मिळतं: शेती, आरोग्य, विज्ञान-तंत्रज्ञान, कुशल कारागिरी, वाहतूक वगैरे. प्रत्येक अभ्यासक्रमाला सहा आकडी कोड असतो आणि तो कोड यादीत असावा लागतो. त्यांनी सुचवलेल्या बिझनेस मॅनेजमेंटचा कोड यादीत नव्हता. म्हणजे दोन वर्षांची फी भरून, शिकून, मुलीला बॅग उचलून परत यावं लागलं असतं. आठवड्याला चाळीस तास काम करता येतं, असंही सांगितलं होतं. ती सवलत 30 एप्रिल 2024 ला संपली. आता सत्र चालू असताना कॉलेजबाहेर 24 तासांचीच मुभा आहे. आणि खात्यावर दहा हजार डॉलरची जीआयसी, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी कॅनडाच्या बँकेतली ठेव, दाखवली की झालं म्हणे. तो आकडा 1 जानेवारी 2024 पासून 20,635 डॉलर झाला होता, म्हणजे तेव्हाच्या भावानं साडेबारा लाखांच्या घरात. (1 सप्टेंबर 2025 पासून तो 22,895 आहे.) आम्ही दहा हजारांच्या हिशेबानं एफडी मोडायला निघालो होतो.

ही सगळी चूक अज्ञानातून झाली, असं मला वाटत नाही. अशा ऑफिसांना कॉलेजकडून पहिल्या वर्षाच्या फीवर कमिशन मिळतं. 'फ्री काउन्सेलिंग' म्हणतात ते याच जोरावर. मुलीला पाण्याचं शिकायचं की व्यापाराचं, यानं त्यांच्या हिशेबात काही फरक पडत नाही. कुठल्या कॉलेजशी करार आहे, यानं पडतो. दुसऱ्या भेटीत तर त्यांच्या साहेबांनी मला आत बोलावून हळू आवाजात सांगितलं, की पुढे पीआरच्या, म्हणजे कायम वास्तव्याच्या अर्जाच्या वेळी नोकरीच्या पत्राचीही सोय होते, पन्नास गुण वाढतात, खर्च वेगळा. मी तिथून उठले. पैसे परत मागितले; चार हेलपाटे घालून पाच हजार मिळाले.

हे पन्नास गुण माझ्यासाठी नुसता आकडा नाहीत. माझा भाचा कॅनडात ब्रॅम्प्टनला आहे. तळघरातल्या दोन खोल्यांत पाच जण राहतात. एका गोदामात तो सुपरवायझर आहे आणि मालकानं रीतसर एलएमआयए, म्हणजे परदेशी माणूस नेमायची सरकारी मंजुरी, काढून त्याला नोकरीचं खरं पत्र दिलं होतं. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआरसाठी निवड करण्याच्या पद्धतीत, त्याचे 512 गुण होते. फेब्रुवारी 2025 च्या सुरुवातीला कॅनडात अनुभव असलेल्यांच्या फेरीत 521 वर यादी थांबली होती; नऊ गुणांनी तो बाहेर होता आणि पुढच्या फेरीची वाट पाहत होता. 25 मार्चला सरकारनं नोकरीच्या पत्राचे गुणच काढून टाकले. रातोरात 462. ज्यांना आधी आमंत्रण आलं होतं त्यांचे गुण राहिले; रांगेत उभ्या असलेल्यांचे गेले.

सरकारचं कारण खोटं नाही. अशी पत्रं हजारो डॉलरला विकली जात होती, आणि विकणाऱ्यांपैकी एक माझ्यासमोर अलकापुरीत बसला होता. पण खोट्या नोटा पकडायच्या म्हणून खऱ्याही चलनातून काढल्या की रांगेत कोण ताटकळतं, हे 2016 साली काउंटरवर बसून मी पाहिलं आहे. पत्र देणाऱ्या मालकाची तपासणी करणं अवघड होतं, गुण पुसणं सोपं होतं. त्यांनी सोपं केलं. भाच्याचं वर्क परमिट या ऑगस्टमध्ये संपतं.

मैत्रिणीनं मग कारेलीबागेतलं ऑफिस सुचवलं. पहिल्या मजल्यावर, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. जिना अरुंद आहे, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी फोन करावा, ते खाली येऊन बोलतात. पाटी छोटी, भिंतीवर झेंडे नाहीत, हसऱ्या विद्यार्थ्यांचे फोटो नाहीत. सल्लागार स्वतः कॅनडाचे नागरिक आहेत, आईवडिलांसाठी बडोद्यात परत आलेले. गुजराती आहेत पण आमच्याशी चांगलं मराठी बोलतात, मला पहिल्या भेटीपासून 'ताई' म्हणतात. बसल्या बसल्या त्यांनी आपला लायसन्स नंबर कागदावर लिहून दिला आणि म्हणाले, "ताई, घरी जाऊन रजिस्टरमध्ये तपासा, मग पैसे द्या."

हे प्रत्येकानं करावं म्हणून सविस्तर लिहिते. कॅनडाच्या इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन द्यायचा अधिकार तिथल्या वकिलांना आणि परवानाधारक पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स या नियामक संस्थेच्या सदस्यांनाच आहे. ही संस्था नोव्हेंबर 2021 पासून काम पाहते आणि तिचं रजिस्टर कुणालाही बघता येतं. सल्लागारानं तुमचा अर्ज केला तर आयएमएम 5476 या फॉर्मवर त्याचं नाव यायला हवं. अलकापुरीवाल्यांनी 'अर्ज तुमच्याच नावानं ऑनलाइन करू, आमचं नाव नको' असं सांगितलं होतं. तेव्हा मला ती सोय वाटली. आता कळतं, की काही बिघडलं असतं तर कागदावर ते कुठेच नसते. 2023 मध्ये भारतातल्या शेकडो मुलांची प्रवेशपत्रं बनावट निघाली, तेव्हाही मुलंच देशाबाहेर जायच्या नोटिशी हातात घेऊन उभी होती. त्यानंतर 1 डिसेंबर 2023 पासून प्रत्येक पत्राची कॉलेजकडून खात्री करून घेण्याचा नियम आला. तो चांगला नियम आहे.

पहिल्या पाऊण तासाचे तीन हजार घेतात. त्या पाऊण तासात त्यांनी मला कॅनडाचं राजकारण जसं समजावलं, तसं आजवर कुणी समजावलं नव्हतं. शिक्षण तिथे प्रांतांच्या अखत्यारीत, व्हिसा केंद्र सरकारच्या. ऑन्टारिओ प्रांतानं 2019 मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्के कमी केली आणि तिथेच गोठवली. कॉलेजांनी खड्डा भरून काढला परदेशी मुलांच्या फीनं, आणि ओटावातलं केंद्र सरकार व्हिसे देत राहिलं. 2023 अखेर दहा लाखांहून जास्त परदेशी विद्यार्थी देशात होते. त्याच वर्षी जूनमध्ये लोकसंख्या चार कोटी झाली होती, पुढच्या एप्रिलपर्यंत चार कोटी दहा लाख. घरभाडी आकाशाला भिडली. जानेवारी 2024 मध्ये तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री मार्क मिलर यांनी मर्यादा घातली, त्या वर्षी सुमारे 3,60,000 परवाने, आधीपेक्षा 35 टक्के कमी. विद्यार्थी आपल्या वाट्याच्या मर्यादेत बसतो असं सांगणारं प्रांताचं पत्र, ज्याला सगळे 'पाल' म्हणतात, ते तेव्हा आलं.

माझं मत विचाराल तर मर्यादा घालणं बरोबरच होतं. पाच जणांना तळघरात राहावं लागतं अशा गावात आणखी मुलं बोलावणं हे पाहुणचाराला धरून नाही. राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. घरं न बांधणारी सरकारं, फीचा पैसा मोजणारी कॉलेजं, परवाने वाटणारं खातं, हे सगळे जबाबदार असताना तिथल्या भाषणांत आणि बातम्यांत बोट दाखवलं गेलं ते विद्यार्थ्यांकडे. आमच्या भाच्यासारखी मुलं कुणाचं घर बळकावायला गेली नव्हती. त्यांना जाहिरात देऊन बोलावलं होतं.

आणि नियम बदलण्याची ती रीत! 25 जून 2025 ला वर्क परमिटच्या यादीतून 178 अभ्यासक्रम काढले. फी भरलेल्या घरांत काय झालं असेल, विचार करा. 4 जुलैला सांगितलं, की ते 2026 पर्यंत राहतील. नऊ दिवसांत. लीना डायब इमिग्रेशन मंत्री होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते, हे मान्य. पण रिझर्व्ह बँक असं परिपत्रक काढून नऊ दिवसांत मागे घेऊ लागली, तर आमच्याकडे कुणी ठेव ठेवेल का?

28 एप्रिल 2025 च्या कॅनडातल्या निवडणुकीनंतर अलकापुरीहून मला व्हॉट्सअॅप आलं होतं, 'कार्नी जिंकले, कॅनडाचे दरवाजे उघडले, लवकर नाव नोंदवा'. कारेलीबागेत मी तो मेसेज दाखवला. त्यांनी शांतपणे कार्नींच्या लिबरल पक्षाचा जाहीरनामा उघडला आणि मला ती ओळ वाचायला लावली: तात्पुरत्या रहिवाशांचं प्रमाण 2027 च्या अखेरीपर्यंत लोकसंख्येच्या पाच टक्क्यांखाली आणणार. जिंकलेला पक्षच मर्यादा घालणारा पक्ष होता. 343 पैकी 169 जागा, बहुमताला तीन कमी. कुणी दरवाजे उघडायचं वचन दिलेलंच नव्हतं. मला हा माणूस आवडला तो त्या क्षणी. त्यांनी कुठल्या पक्षाची बाजू घेतली नाही, मला ओळ दाखवली आणि तारीख दाखवली.

लेकीला त्यांनी सप्टेंबर 2025 चा हट्ट सोडायला सांगितलं. डिप्लोमा नको, सरकारी विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीची मास्टर्स बघ, तुझं शिक्षण, तुझी नोकरी आणि पुढचा अभ्यास एका रेषेत येतो, अधिकाऱ्याला ते पटतं. मास्टर्सला विषयांची यादी लागू नाही, वर्क परमिटही तीन वर्षांचं मिळू शकतं. थांबल्यानं आमचं नुकसान झालं नाही. 4 नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात 2026 साठी नव्या विद्यार्थ्यांची संख्या 1,55,000 पर्यंत खाली आणली, पण सरकारी संस्थांतल्या मास्टर्स आणि पीएचडीच्या मुलांना 1 जानेवारी 2026 पासून पाल लागत नाही. हे होणार असं त्यांनी आधी मुळीच सांगितलं नव्हतं. झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन केला, एवढंच. पीआरची खात्री त्यांनी एकदाही दिली नाही, मी दोनदा विचारलं तरी.

उणिवा आहेत. मेसेजला उत्तर द्यायला कधी कधी तीन दिवस लागतात. फाइलचे चाळीस हजार एकदम आगाऊ घेतात, हप्ते नाहीत. साध्या घराला ते जड जातं. अभ्यासाचा उद्देश सांगणारं पत्र विद्यार्थ्यालाच लिहायला लावतात, स्वतः फक्त खुणा करतात. लेक पाच वेळा लिहून रडकुंडीला आली. सहाव्यांदा तिनं नंदेसरीजवळच्या मिनी नावाच्या नदीच्या पाण्याबद्दल लिहिलं, रोज कंपनीच्या बसमधून दिसतं ते, आणि ते पत्र तसंच गेलं.

अलकापुरीला पाचपैकी एक तारा, तोही पाच हजार परत दिले म्हणून. कारेलीबागेला साडेचार. दुपारी एक ते तीन बंद असतं, शनिवारी फक्त सकाळी. गाडी खाली लावू नका, दवाखान्याचे लोक ओरडतात. समोरच्या गल्लीत जागा मिळते. लेकीचं ऑफर लेटर आलं आहे. एफडी मोडून जीआयसी या आठवड्यात करतो आहोत, अर्जाचे 150 आणि बायोमेट्रिक्सचे 85 डॉलर वेगळे ठेवले आहेत. बोटांचे ठसे द्यायला अहमदाबादला जायचं आहे, सकाळच्या गाडीनं.