वाळा की जांभळं फाउंटन ग्रास? नाशिकच्या अंगणासाठी निवड

रोप आणण्याआधी अंगणात हातभर खोल खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता आणि चार तासांनी बघा. पाणी तसंच साचलेलं असेल तर वाळा, म्हणजे खस गवत, घ्या. जिरलं असेल तर जांभळ्या फाउंटन ग्रासचा, म्हणजे शोभेच्या गवताचा, विचार करता येतो. नाशिकमध्ये निम्मा निकाल मातीच लावते. गोदाकाठची भारी काळी जमीन ऑगस्टमध्ये चिकट चिखल होते आणि एप्रिलमध्ये बोट जाईल इतकी भेगाळते. टेकडीच्या उतारावर मात्र वीतभर मातीखाली मुरूम लागतो.

दिसायला फाउंटन ग्रासच सरस, यात वाद नाही. तीन-चार फुटांचा ठोंब, कारंज्यासारखी वाकलेली गडद जांभळी पानं आणि वर लवणारे गुलाबी तुरे. पण हा रंग उन्हावर जगतो. रोज निदान सहा तास ऊन नसेल तर पान हिरवट पडतं आणि तुरे विरळ येतात.

फाउंटन ग्रासच्या दोन रोपांत 2 फूट अंतर ठेवा. 10 फुटांच्या ओळीला 5-6 रोपं पुरतात. काळ्या मातीत अर्धा बारीक मुरूम मिसळा, दोन ओंजळी कुजलेलं शेणखत घाला आणि अर्धा फूट उंच गादीवाफा करा. युरिया टाकू नका. त्याने पानं लुसलुशीत वाढतात आणि पहिल्याच वादळी पावसात ठोंब मधून फाकतो. ठोंबाचा गळा, म्हणजे मुळं आणि पानं जुळतात तो भाग, मातीच्या पातळीवरच राहू द्या. तो गाडला गेला तर ऐन पावसाळ्यात पान ओढताच हातात येतं आणि बुडाला कुजका वास येतो. तेव्हा रोप वाचत नाही.

थंडीत निफाडकडे पारा 5 अंशांखाली जातो, तेव्हा रंग उतरतो आणि वाढ थांबते. मेलं समजून उपटू नका आणि डिसेंबरात छाटूही नका. वाळकी पानं गळ्याला पांघरूण असतात. फेब्रुवारीअखेर अर्धा फूट ठेवून कापा. दोन-तीन वर्षांत ठोंब मधून पोकळ होतो. तेव्हा उकरून बाहेरच्या कडेचे फुटवे नव्याने लावा.

हिरव्या पानांचं फाउंटन ग्रास मात्र विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळालं तरी. त्याचं बी वाऱ्याने माळावर, बांधावर पसरतं. हवाई बेटांवर त्याने वणव्यांना इंधन पुरवलं आहे आणि युरोपीय संघाने 2017 साली त्याला घातक परकीय वनस्पतींच्या यादीत टाकलं. जांभळ्यात रुजणारं बी सहसा धरत नाही.

वाळा हिरवा, ताठ, पाच-सहा फूट उंच. एकटा ठोंब डोळ्यांत भरत नाही. सलग ओळ केली की हिरवी भिंत उभी राहते. खरी कमाल जमिनीखाली आहे. मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, चांगल्या जमिनीत पहिल्याच वर्षी तीन मीटरपर्यंत. म्हणून भेगांनी वरची मुळं तुटली तरी तो तगतो, पाणी काही दिवस साचलं तरी सडत नाही. इगतपुरीचा धो धो पाऊस आणि सिन्नरचं कोरडं रान, दोन्ही त्याला चालतं. ऊन मात्र त्यालाही हवंच.

लागवड जूनअखेर, वाफसा आल्यावर (माती ओलसर पण चिखल नसलेली झाल्यावर) करा. ठोंब फोडून दोन-तीन फुटव्यांचे तुकडे करा, पान 20 सेंटीमीटर आणि मुळं 10 सेंटीमीटर ठेवून छाटा आणि एकमेकांपासून 15 सेंटीमीटर अंतरावर लावा. 10 फुटांना 20-21 तुकडे लागतात. रोपं वाचवायला फूटभर अंतर ठेवलं तर फटी राहतात आणि उतारावरचं पाणी त्या फटींतूनच माती नेतं. पावसाने दडी मारली तर पहिले तीन आठवडे दिवसाआड पाणी द्या. पहिल्या वर्षी दोनदा 40 सेंटीमीटरवर कापलं की फुटवे दाटतात. पानांच्या कडा कापतात, त्यामुळे हातमोजे घाला आणि मुलं जिथून धावतात तिथे ओळ नको.

माठात टाकायला मुळ्या हव्या असतील तर दोन-तीन ठोंब वेगळे लावा आणि दीड वर्षाने खणा. ओळीतले खणले तर भिंतीला भगदाड पडतं.

दोन्हींना जागा असेल तर वाळा उत्तरेच्या कडेला लावा आणि जांभळं त्याच्यापुढे तीन फूट सोडून दक्षिणेला, म्हणजे हिवाळ्यातल्या कललेल्या उन्हातही त्यावर वाळ्याची सावली पडणार नाही.