एफएम ३६०: आठ महिन्यांनंतर, एका रकान्यापुरतं

काल दवाखान्यातलं तिसरं रजिस्टर संपलं, म्हणून लिहायला बसले.

एफएम ३६० ही तरुण फॅमिली डॉक्टरांची देवाणघेवाण योजना फॅमिली मेडिसिनवाल्यांना ठाऊकच आहे: परदेशातल्या फॅमिली डॉक्टरशेजारी चार आठवड्यांपर्यंत बसायचं, बघायचं, पेशंटला हात लावायचा नाही. मी स्पाइस रूटमधून (दक्षिण आशियातल्या तरुण फॅमिली डॉक्टरांचा गट) अर्ज करून पोर्तुगालमध्ये पोर्तोजवळच्या एका आरोग्य केंद्रात गेले. तिकीट, राहणं, व्हिसा धरून खिशातले दीड लाखाच्या वर गेले. त्यात व्हिसाच्या एजंटाने दोनदा चुकीचे कागद करायला लावले, तो राग अजून आहे.

पहिला आठवडा पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. पोर्तुगीज कळेना. तिथे एकेका डॉक्टरच्या यादीत १५५० ते १९०० ठरलेली माणसं. माझ्या साताऱ्यात आज माझ्याकडे आलेला उद्या कुणाकडे जाईल, नेम नाही. हे बघून मी काय करू?

मग एका सकाळी, ज्यांच्याशेजारी मी बसायचे त्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. आजोबा थकवा म्हणून आले होते. आयसीपीसी-२ मध्ये, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींच्या आंतरराष्ट्रीय कोड-यादीत, पेशंटच्या येण्याचं कारण वेगळं नोंदवता येतं आणि निदान वेगळं. कारण ए०४, थकवा. निदान झेड१५, जोडीदार गेल्याचा त्रास. बायको गेल्याचं दुःख केसपेपरवर कुठे लिहायचं, हे मला एमबीबीएसपासून कुणी शिकवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी फक्त तो येण्याच्या कारणाचा रकाना बघत राहिले. बाकी केंद्र, नर्सच्या घरभेटी, सगळं चांगलंच होतं.

परतल्यावर रजिस्टरमध्ये पट्टीने तो रकाना आखला. पेशंटचे शब्द जसेच्या तसे: 'अंग मोडून आलंय', 'पायाची आग होते'. एक ताई दोन महिन्यांत चारदा 'डोकं जड झालंय' म्हणून आल्या. चारही ओळी एकाखाली एक दिसल्या, तेव्हा मी गोळी लिहायची थांबले आणि घरचं विचारलं. नवऱ्याचं काम सुटलं होतं. झेड०६, बेकारीचा त्रास. आधी मी चारदा डोकेदुखीच लिहिली असती, मला माहीत आहे.

त्रास आहेच. प्रत्येक पेशंटमागे मिनिटभर जास्त जातं, संध्याकाळी बाकावर लोक चुळबुळतात, कोड अजून पाठ नाहीत. आणि नुसतं बघण्यासाठी एवढा खर्च नव्या डॉक्टरला झेपणारा नाही. इथल्या संघटनांनी निदान तिकिटाची तरी सोय करावी.

आज चौथं रजिस्टर आणलं. कंपाउंडरकाका स्वतःच पट्टी घेऊन बसले. पहिल्या रकान्यावर त्यांनी लिहिलंय, 'काय म्हणाले'.