मॅच नसलेल्या आठवड्यात काय करता, सर?

फुटबॉल अकादमी कशी आहे, असं कुणी विचारलं की लोक ग्राउंड, फी आणि कपाटातल्या ट्रॉफ्या सांगतात. मी यंदा एवढंच पाहिलं की लीग ऐन रंगात असताना मधेच मॅच नसलेला आठवडा आला, तर सर पोरांचं काय करतात. त्यावरून मी या अकादमीला पाचपैकी चार देते. एक का कापला, ते खाली येईलच.

माझा मुलगा चौदाचा, लेफ्ट बॅक. वर्षभरात असा उंचावला की जुन्या पँटी धाकट्या भाच्याला गेल्या. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन, ड्युटी लवकरची, म्हणून त्याला ग्राउंडवर सोडणं माझ्याकडे आणि आणणं त्याच्या बाबांकडे. पण नागपुरात डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की सिव्हिल लाइन्सकडून जाणं म्हणजे डोक्याला ताप. बॅरिकेड, पोलीस, मोर्चे. त्या दिवसांत मी ड्युटी बदलून घेतली आणि ग्राउंडच्या कडेला गाडीवर बसून प्रॅक्टिस पाहत राहिले.

लीगमध्ये आमच्या गटात नऊ टीम आहेत. आकडा विषम, म्हणजे प्रत्येक फेरीत एक टीम बसणार. आमची पाळी अधिवेशनाच्या आठवड्यात आली. याआधी ज्या अकादमीत होतो, तिथं अशा आठवड्याचं उत्तर एकच होतं: ग्राउंडला राउंड मारा. आधीची मॅच हरलेली असली तर राउंड जास्त. पोरगा घरी येऊन बूट न काढता झोपायचा, आणि पुढच्या मॅचला पाय जड.

इथं सोमवारी चक्क सुट्टी. ग्रुपवर मेसेज आला की ग्राउंडवर यायचं नाही, घरीही बॉल काढायचा नाही. मंगळवारी सरांनी पोरांचे दोन भाग केले. जे रविवारी पूर्ण मॅच खेळले, ते रिंगण करून पास देत राहिले, मधे दोन पोरं बॉल हिसकायला, हसणं-खिदळणं चालू. जे बेंचवर होते, त्यांना मात्र घाम फुटेपर्यंत पळवलं. बाजूला उभे असलेले एक बाबा चिडले, "काहून जी, न खेळणाऱ्यालेच शिक्षा?" सरांनी शांतपणे सांगितलं की शिक्षा नाही, त्यांची मॅच राहिली आहे. अकरा जणांना मॅचमध्येच व्यायाम होतो, बाकीच्यांचा आठवडा कोरडा जातो आणि मग कुणी जखमी झालं की त्याच कोरड्या पोराला उतरवावं लागतं. मला हे पटलं. शुक्रवारी याच पोरांची कामठीहून आलेल्या टीमशी प्रॅक्टिस मॅच ठेवली होती. समोर कामठीची पोरं म्हटल्यावर आमची हरणार हे ठरलेलंच होतं, हरलीही, पण आमचा एक बुजरा मिडफिल्डर त्या दिवशी पहिल्यांदा ओरडून बॉल मागताना दिसला. नेहमीचे अकरा जण लाइनवर झेंडे धरून उभे होते. आपला मित्र ऑफसाइड होता हे सांगायला जी हिंमत लागते, तीही शिकली असतील.

बुधवार हाच त्या आठवड्यातला कडक दिवस. छोट्या जागेत चार विरुद्ध चार, थोडा वेळ जीव तोडून, मग पूर्ण विश्रांती, मग पुन्हा. एकूण वेळ नेहमीपेक्षा कमी, जोर मात्र तोच. एका आठवड्यात दम जात नाही, धार जाते, असं सरांचं म्हणणं. त्याआधी वॉर्मअप फिफा इलेव्हन प्लसचा, म्हणजे दुखापती टाळण्यासाठी फिफानं ठरवून दिलेला, जो इथं रोजच होतो: साधारण वीस मिनिटं, आधी हळू पळणं, मग ताकद, उड्या आणि तोल, शेवटी वेगात पळणं. त्यात एक प्रकार असा की पोरगा गुडघ्यांवर उभा, मागून जोडीदारानं घोटे धरलेले, आणि तो ताठ राहून हळूहळू पुढे झुकतो. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी. पाहायला सोपं वाटतं. घरी गादीवर मी करून पाहिलं, विचारू नका.

गुरुवारी जवळजवळ पळणंच नव्हतं. आमच्या टीमनं खाल्लेल्या शेवटच्या पाच गोलांपैकी तीन कॉर्नरवर होते, तर सर तासभर फक्त कॉर्नर घेत होते. कुणी पहिल्या पोस्टला, कुणी कुणाला धरायचं, कीपरनं कधी ओरडायचं. मी म्हटलं, सर, पोरं दमलीच नाहीत आज. तर म्हणाले, "ताई, दमवायचंच असतं तर रामटेकचा गड चढवला असता. मॅचच्या आठवड्यात हे सगळं उलगडून दाखवायला वेळ कुठं असतो?"

शनिवार-रविवार सुट्टी. इथं पालकांच्या ग्रुपवर ठिणगी पडली. फी महिन्याची दिली, मग सुट्टी कशाला, आणि मोठ्या टीमा अशा बसतात का? बसतात. २०१९-२० मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगनं पहिल्यांदा हिवाळी सुट्टी ठेवली आणि लिव्हरपूलची एफए कपमधली श्रूसबरीविरुद्धची फेरमॅच नेमकी त्याच सुट्टीत, फेब्रुवारी २०२० मध्ये आली. लिव्हरपूलचा तेव्हाचा कोच क्लॉप, त्यानं मुख्य टीम तर उतरवली नाहीच, स्वतःही मैदानावर गेला नाही. ज्युनियर टीमचा कोच नील क्रिचली पोरासोरांची टीम घेऊन उतरला आणि १-० नं जिंकला. त्या वर्षी लीग लिव्हरपूलनंच नेली. तिकडे अमेरिकन फुटबॉलमध्ये तर लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारात लिहूनच ठेवलंय की मॅच नसलेल्या आठवड्यात खेळाडूला सलग चार दिवस मोकळे मिळायला हवेत. आता प्रीमियर लीगनं ती सुट्टी २०२४-२५ पासून काढून टाकली, हेही खरं. आणि आपली पोरं काही आठवड्याला दोन मॅच खेळत नाहीत, हा ग्रुपवरच्या एका बाबांचा मुद्दा मी खोडून काढणार नाही. पण क्लॉपच्या खेळाडूंना गणिताची ट्यूशन नव्हती.

आमच्यासाठी त्या सुट्टीचा उपयोग वेगळाच झाला. मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आल्यासारखं दुखत होतं. सर म्हणाले, दाखवून घ्या, तोवर उड्या बंद. हाडांच्या डॉक्टरांनी ऑसगुड-श्लॅटर सांगितलं. वाढीच्या वयात, त्यातून पळणाऱ्या-उड्या मारणाऱ्या पोरांमध्ये हे नेहमीचं असतं. मांडीच्या स्नायूची ओढ नडगीच्या वाढत्या हाडावर येते आणि तिथं दुखतं. बहुतेकांचं वाढ थांबली की थांबतं, पण भार कमी करावा लागतो. मॅचच्या आठवड्यात हा पोरगा दुखणं कबूलच करत नव्हता. मॅच नव्हती म्हणून बोलला.

आता कापलेला एक गुण. पुढच्या रविवारी मॅच १-१ सुटली. कॉर्नरवर गोल खाल्ला नाही, तो पेनल्टीवर खाल्ला. पण पहिली वीसेक मिनिटं आमची पोरं झोपेतच होती. दोन दिवस पूर्ण मोकळे सोडण्याऐवजी शनिवारी अर्धा तास वेगाचं काहीतरी घ्यायला हवं होतं, असं माझं मत, आणि सरांना ते सांगितलंही. ऐकून घेतलं. कीपरसाठी वेगळा कोच नाही, तो बिचारा गुरुवारी तासभर कॉर्नर झेलत होता आणि त्याच्या पायांच्या हालचालीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. वेळापत्रकाचा मेसेज रात्री अकराला येतो, हे तर असह्य. मुलींची बॅच सुरू केलीय, कौतुक आहे, पण टॉयलेट धड नाही. आधी ते करा, मग बॅनर लावा.

फी महिन्याला दीड हजार, किट वेगळं. ज्यांना हे झेपत नाही त्यांनी पोराला घरी बसवू नये. विजय बारसे सरांनी २००१ मध्ये याच शहरात झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्लम सॉकर सुरू केलं, तिथं चौकशी करा.

प्रवेश घ्यायचा तर बॅच सुरू असताना जा आणि नोंदणीच्या टेबलाशी बोलण्याआधी बेंचवरची पोरं काय करतायत ते पाहा. पाण्याची बाटली घरून भरून न्या, तिथला कॅन आठ वाजेपर्यंत संपतो. डिसेंबरात सकाळी स्वेटर लागतो, ग्राउंड दगडासारखं टणक असतं, तेव्हा बूट घेताना लांब स्टडचे घेऊ नका. आणि गेटसमोरच्या टपरीवरचे तर्री पोहे प्रॅक्टिसच्या आधी नाही, नंतर.